मदत हवी आहे: अ‍ॅबिसिनियन गिनीपिग सारखा खाजवतोय

चिंगीची_आई: अंगभर भोवरेवाला अ‍ॅबिसिनियन आहे. आठवडाभर नुसता खाजवतोय. पाठीवरच्या भोवऱ्यांतले केस विरळ झालेत, कोंडा पडतोय. आज तर खाजवता खाजवता आडवा पडून पाय झाडायला लागला. इथले डॉक्टर कुत्र्या-मांजरांचेच. काय लावू? लवकर सांगा.

पेठकर: वय, वजन? खायला काय देता? कानामागचं टक्कल म्हणत असाल तर ते सगळ्याच गिनीपिगना असतं.

नारळीपाक: कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घाला. आमच्या लॅब्रॅडॉरची खाज चार दिवसांत गेली.

सशाचा_मामा: लॅब्रॅडॉर तीस किलोचा, हा जेमतेम किलोभर. गारठून जाईल हो! आडवा पडून पाय झाडतो म्हणजे बहुतेक ट्रिक्झॅकॅरस माइट, म्हणजे कातडीत शिरणारे बारीक किडे. कातडी खरवडून तपासतात. त्यावरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाचा डोस वजनावर ठरतो, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. तो डॉक्टरांकडूनच घ्या. आणि कोणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं तर साफ नाही म्हणा, गिनीपिगच्या जिवावर बेततं.

चिंगीची_आई: खाणं नॉर्मल आहे. सशाच्या गोळ्या आणि काकडी.

पेठकर: याला नॉर्मल म्हणता? वाळलेलं गवत कुठंय? माणसासारखंच यालाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. सशाला येतं, म्हणून सशाच्या गोळ्यांवर याचं भागत नाही. रोज ढोबळी मिरची द्या.

सशाचा_मामा: ढोबळी मिरचीने माइट मरतात होय?

पेठकर: मरतात कोण म्हणालं? अंगात ताकद नसली की माइटचं फावतं, एवढंच.

हौशी_पाळणारा: भोवरे मोजलेत का? प्रदर्शनात किमान 8 लागतात. कमी भरले तर दुकानदाराने मिश्र जात गळ्यात मारली असेलही.

चिंगीची_आई: हात लावला की किंचाळतोय तो, भोवरे कुठे मोजत बसू! आणि लेकीच्या मनगटावर बारीक लाल पुरळ उठलंय. याच्यामुळे असेल का?

सशाचा_मामा: अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! माइटनेही उठतं, गजकर्णानेही. लेकीला आजच डॉक्टरांना दाखवा, तोवर त्याला उचलू देऊ नका. गाव कुठलं तुमचं?

नारळीपाक: पुरळावर कडुलिंब चालेल.