दिव्यांगांसाठी वेगळी वसाहत हवी की चारचौघांच्या सोसायटीत घर?

चाकावरचा पुणेकर (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगून टाकतो: गावाबाहेर दिव्यांगांची निवासी संकुलं बांधणं आता पुरे. तो पैसा साध्या इमारतींत घर मिळण्यावर आणि मदतनीस परवडण्यावर लावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं, समाजात राहणं हा आमचा हक्क आहे, अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती चालणार नाही. कलम 37 ने सरकारी गृहयोजनांत 5 टक्के आरक्षण दिलंय. कागद भक्कम आहे. पण भाड्याचं घर शोधायला निघालो की ब्रोकरचा पहिला प्रश्न, "सोबत कोण राहणार?" एकटाच म्हटलं की मालक गायब. चुकून जमलंच तर लिफ्ट अर्ध्या जिन्यात थांबते, बाथरूमचं दार दोन फुटी आणि माझी खुर्ची सव्वादोन. पगार आहे, घर चालवायची अक्कल आहे, अडतंय तीन इंचांवर.

कोथरूडची आई
तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. पण कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, सगळेच काही खुर्चीवर नाहीत. माझ्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, वय 31. बेल वाजली की कोणालाही दार उघडतो, हसून आत बोलावतो. गॅस बंद करायचं भान नाही. आमच्या माघारी त्याला फ्लॅट देऊन मी काय साधणार? राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'घरौंदा' ही निवासाची योजना अशाच मोठ्या मुलांसाठी आहे, पण अशा जागा आहेत कितीशा? आणि तुम्ही म्हणता, बांधणं थांबवा!

सेक्रेटरी, बी विंग
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. आमच्या दारात तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. 1:12 चा उतार, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी धरली तर रॅम्प 18 फूट, वर खुर्ची वळवायला जागा वेगळी. तो नेमका दोन गाड्यांच्या पार्किंगमधून जातो. वार्षिक सभेत विषय घेतला, तर ज्यांच्या गाड्या जाणार होत्या तेच सगळ्यात मोठ्याने सहानुभूती दाखवत होते. ठराव पुढच्या सभेवर. शिवाय आग लागली, लिफ्ट बंद पडली, तर जबाबदारी कोणाची?

नाव नको
@सेक्रेटरी, तुमच्याकडे ऐंशीचे आजोबा चौथ्या मजल्यावर राहतातच ना? त्यांना कोणी विचारलं का, आगीत उतरणार कसे म्हणून? नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलंय, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावं यासाठीचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवू नका, बंधनकारक करा. दोन गाड्यांचं काय घेऊन बसलात!

कोल्हापूरची ताई
वसतिगृहांना इतकं मोडीत काढू नका. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. घरात खाटेवर पडून राहिल्या असत्या अशा कितीतरी मुली अशा ठिकाणी शिकल्या, कमावत्या झाल्या. खेड्यातल्या मुलीला थेट पुण्यातला फ्लॅट कुठून सुचणार? आधी अंघोळ, कपडे, बाहेर जाणं स्वतःचं स्वतः जमायला हवं, आणि ते आपल्यासारख्या चौघींत राहून लवकर जमतं.

चाकावरचा पुणेकर
शिकण्यापुरतं मान्य. जन्मभर का? मी राहिलोय वसतिगृहात. चहा चारलाच, दिवे दहाला बंद, मित्र आला तर ऑफिसच्या बाकावर बसून बोलायचं. माणसं प्रेमळ होती हो, पण चाळिशीतल्या माणसाने चहाची वेळ दुसऱ्याला विचारायची?
@आई, तुमच्या मुलासाठीही दीडशे खाटांची इमारतच हवी असं कुठाय? चार जण, एक थ्री बीएचके, दिवसा एक आणि रात्री एक मदतनीस, खाली ओळखीचा वाणी.

कोथरूडची आई
ऐकायला छान आहे. ओळखीचा वाणी मात्र दुकान विकून जाऊ शकतो, आणि मदतनीस तर दर दिवाळीला गावी जातो तो येतच नाही. तेव्हा संस्थेत निदान दुसरं कोणीतरी असतं.
आता पैशाचं बोला. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिना 2500. चोवीस तासांचा माणूस ठेवायचा तर त्यात आठवडाही निघत नाही. चार घरांनी वर्गणी काढली तरी आई-बापांची पेन्शन थांबल्यावर ती भरणार कोण? दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं 2022 च्या डिसेंबरात झालंय. रात्रीच्या मदतनीसाचा पगार तिथून मिळावा असा अर्ज लिहा, आमच्या पालकांच्या ग्रुपवर मी सह्या जमवते. संकुलं थांबवा हे वाक्य तेवढं त्यात घालू नका.