यहेज्केलाचं दर्शन मनाचं चित्र म्हणून कसं वाचावं?

प्रश्न: बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्या अध्यायातल्या दर्शनात चार पंखधारी प्राणी दिसतात. त्यांची चार मुखं मनाच्या शक्ती मानली, की माणूस म्हणजे बुद्धी, सिंह म्हणजे धैर्य, बैल म्हणजे देह, गरुड म्हणजे कल्पना असं बसतं. पण प्राण्यांजवळची चाकं आणि चाकांच्या कडांवरचे डोळे आले की जुळणी मोडते. चुकतंय कुठे?

उत्तर १: एका प्राण्याला एक शक्ती वाटून दिलीत, तिथे. यहेज्केलात प्रत्येक प्राण्याला चारही मुखं आणि चार पंख आहेत. प्रत्येकाला वेगळं रूप आणि सहा पंख हे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातलं. इंग्रज कवी विल्यम ब्लेकने यातूनच बुद्धी, भावना, देह, कल्पना अशा चार शक्ती उभ्या केल्या, पण त्याची कथा त्यांच्या फाटाफुटीची आहे.
अर्थ लावण्याआधी कागदावर चित्र काढा, मग हालचाल बघा. वचन १२: आत्मा नेईल तिकडे ते जातात, वळत नाहीत. वचन २०: चाकांतही तोच आत्मा. वचन २४: पंखांचा आवाज महाजलांसारखा, थांबले की पंख खाली. आणि वचन २५ मध्ये वरून वाणी येते. मनाच्या अंगाने वाचणाऱ्याला खरा ऐवज इथे आहे: आतला घोष निवल्यावरच ऐकू येतं.

उत्तर २: प्रत्येक ‘सारखे’ आणि ‘सादृश्य’ अधोरेखित करा. वचन २८ मध्ये संदेष्टा थेट देवाचं तेज पाहिल्याचं म्हणत नाही, तेजाच्या सादृश्याचं दर्शन म्हणतो. प्रतीक म्हणून वाचायची मुभा मूळ मजकुरातच आहे. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसनेही संदेश बुद्धीवाटे कल्पनाशक्तीत उतरतो, असं मांडलं.

उत्तर ३: फक्त आत वळू नका. साल इ.स.पू. ५९३, जागा बाबेलच्या मुलखातली खबार नदी, श्रोते तिथे नेलेले यहुदी बंदिवान. यरुशलेमेतलं मंदिर अजून उभं होतं, आणि इथे दर्शनातल्या देवाच्या सिंहासनाखाली चाकं! देव परमुलखातही येतो, हा अर्थ गाळला तर चाकं नुसती नक्षी उरते. योगातली चक्रंही त्यांत घुसवू नका. मूळ हिब्रू शब्द गाड्याच्या साध्या चाकाचा आहे.

प्रश्नकर्ता: मग १०:१४ मध्ये बैलाच्या जागी करूबाचं, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय जीवाचं, मुख का?

उत्तर १: कारणावर एकमत नाही. पण ‘बैल म्हणजे देह’ ही जोडी तिथे तुटते, एवढं नक्की. आणि वाचन सिंहासनापाशी थांबवू नका: २:१ मध्ये ‘उभा राहा’ अशी आज्ञा आहे, ३:३ मध्ये गुंडाळी खायची आहे.