मुंबई विद्यापीठ फोर्ट कॅम्पस: अभ्यास सहलीआधी तारखा, मापं आणि इमारतींबद्दल नेमकी माहिती हवी

होटगीरोड_मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातून इतिहासाची आणि सिव्हिल डिप्लोमाची मिळून तीसेक मुलं मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट कॅम्पसला न्यायची आहेत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जायचं, दिवसभर पाहायचं आणि रात्री सिद्धेश्वरनेच परत. त्याआधी वर्गात लावायला माहितीफलक करतोय. नेटवरच्या मजकुरात कुठे कॅम्पसमधला घड्याळाचा मनोरा, म्हणजे राजाबाई टॉवर, १८६९ चा, कुठे १८७८ चा, कुठे १८८० चा. एका ठिकाणी तर इमारतींचा आराखडा करणारा स्कॉटसाहेब मुंबईत राहून काम पाहत होता असंही लिहिलंय.

माझे प्रश्न असे: विद्यापीठ आधी की इमारती आधी, आणि पैसा कुणाचा? सिव्हिलच्या मुलांनी नेमकं काय बघावं? टॉवरची उंची मैदानातून मोजता येईल का? आणि सोलापूरच्या मुलाला हे आपलं वाटावं असा काही धागा आहे का?

---

मोडीवाचक

सर, फलकावर पहिली ओळ हीच घ्या: विद्यापीठ आधी, इमारती नंतर. पहिली इमारत, सभागृह, पुरी होईपर्यंत मधे सतरा वर्षांचं अंतर आहे. चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता १८५४ चा, विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. तेव्हा ना सभागृह होतं ना ग्रंथालय. नमुना लंडन विद्यापीठाचा, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. अशा संस्थेला वर्गखोल्या लागत नाहीत, म्हणून सुरुवातीचा कारभार टाउन हॉलसारख्या दुसऱ्यांच्या जागेत चालला. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ला झाली. १३२ मुलं बसली, २२ पास झाली. बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची, चौघांची: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांनी पदवी घेतली तेव्हा आजचा कॅम्पस कागदावरही नव्हता, हे मुलांना आवर्जून सांगा.

पैसा दोन दात्यांचा. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १८६३ मध्ये सभागृहासाठी १ लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी ऑगस्ट १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी २ लाख आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव मिळालं. वर्षं नीट बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा ताप चढला. १८६५ ला युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. खुद्द प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. देणगी जाहीर झाली ती या घसरणीच्या अगदी उंबरठ्यावर. आपल्याकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० ला पोचली होती, म्हणजे कापसाच्या या तेजीत सोलापूर मुंबईच्या बाजाराला जोडलेलं होतं. फलकावर ही ओळ शोभेल.

आता तुमचा तारखांचा घोळ. तिन्ही वर्षं बरोबर आहेत, घटना वेगवेगळ्या आहेत. टॉवर आणि ग्रंथालयाची पायाभरणी १ मार्च १८६९ ला, बांधकाम पुरं नोव्हेंबर १८७८ मध्ये, ग्रंथालय वापरासाठी खुलं झालं २७ फेब्रुवारी १८८० ला. सभागृहाचं काम १८६९ ला सुरू होऊन १८७४ मध्ये संपलं. ग्रंथालय आणि टॉवरचा एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख, म्हणजे दात्याच्या चार लाखांपेक्षा जास्त.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडे लंडनहून पाठवले. ते भारतात कधी आलेच नाहीत. जागेवरचं काम इथल्या इंजिनिअरांनी आणि कारागिरांनी केलं. त्यात रावबहादुर मुकुंद रामचंद्र हे सहायक अभियंता होते. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या २४ मूर्ती आहेत, त्यांचे नमुने त्यांनी घडवले. स्कॉट यांच्या नावाशेजारी त्यांचंही नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात घाला.

आणखी एक खबरदारी. ‘सर कावसजी जहांगीर हॉल’ या नावाने शोधलंत तर काळा घोड्याजवळची दुसरीच इमारत समोर येते, जिथे आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ती विसाव्या शतकातली. विद्यापीठाचं ते ‘सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह’. फोटो उतरवून घेताना हमखास अदलाबदल होते.

---

चुनखडी

सिव्हिलच्या मुलांसाठी मी लिहितो.

टॉवर ही सुटी इमारत नाही. तो ग्रंथालयाच्या पश्चिम अंगावर उभा आहे आणि त्याचा तळमजला म्हणजे घोडागाडी आत येऊन थांबायचा पोर्च, २६ फूट चौरस. म्हणजे २८० फुटांचा भार चार बाजूंनी कमानीने उघड्या असलेल्या जागेवर पेललेला आहे. मुलांना आधी तिथेच उभं करा, कोपऱ्यांतल्या खांबांची जाडी बघू द्या आणि वरचं वजन कुठून खाली उतरतं ते हाताने दाखवायला सांगा. मग मागे जाऊन तीन टप्पे ओळखायचे: पहिल्या सज्जापर्यंत चौकोनी, ६८ फूट, तिथून अष्टकोनी होतो, ११८ फूट, आणि वरचा टोकापर्यंतचा भाग ९४ फूट. बेरीज २८०. चौकोनाचा अष्टकोन जिथे होतो तिथे चार कोपरे रिकामे पडतात. ते कसे झाकलेत हे वहीत काढून घ्यायला लावा, सगळ्या दिवसाचं सार्थक होईल. ‘बिग बेनची नक्कल’ हे फलकावर नको. तो मनोरा माथ्यापर्यंत चौकोनी अंगाने जातो, हा मधेच अंग बदलतो.

सभागृहाचं तंत्र निराळं. लांबी १०४ फूट, रुंदी ४४, छताच्या शेंड्यापर्यंत उंची ६३. एका टोकाला अर्धगोल भाग, तीन बाजूंनी आत सज्जा. २० फूट व्यासाची चक्राकार रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यात बारा राशी. शैली पंधराव्या शतकातल्या फ्रेंच गॉथिकची (टोकदार कमानींची युरोपीय शैली), ग्रंथालयाची मात्र चौदाव्या शतकाकडे झुकणारी. रंगीत काच इथे नुसती शोभेची नाही. पश्चिमेचं ऊन थेट येतं, काचेने ते मवाळ होतं. दोन्ही इमारतींच्या बाहेरच्या अंगाला उघडे चक्री जिने आहेत, तेही हवेसाठी सोयीचे.

दगड: भिंतींना पिवळसर कुर्ला दगड आणि कोरीव कामाला मऊ पोरबंदर दगड. आपल्याकडचा काळा पाषाण छिन्नीला दाद देत नाही, पोरबंदर चुनखडीचा असल्यामुळे पानाफुलांचं बारीक काम निघतं. पण तोच मऊपणा पुढे नडतो. समुद्राची खारी हवा आणि मुंबईचा पाऊस यांमुळे क्षार दगडात शिरतात, पाणी सुकताना पृष्ठभागाच्या मागेच त्यांचे स्फटिक होतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आपण ज्याला लोणा लागला म्हणतो तेच. अशा भिंतीच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या की दुखणं दुप्पट होतं. चुन्याच्या दरजेतून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ओल मऊ दगडातून वाट काढते आणि दरज शाबूत राहून दगडच झिजतो. जुन्या शहरात कुठेही हे दिसेल: दरजेची रेघ उंच आणि दगड आत गेलेला. मुलांना ओळखायला शिकवा. दुसरं बघण्यासारखं म्हणजे दगड बांधून ठेवणारे लोखंडी चाप. जुन्या दगडी कामात ते गंजून फुगतात आणि दगडाला तडा देतात. कोपऱ्यावर गंजाचा तपकिरी ओघळ आणि लगत केसासारखी चीर दिसली की आत चाप आहे असं समजा. तिसरं, पन्हाळीच्या आसपास उगवलेलं पिंपळाचं रोप. नुसतं छाटून भागत नाही, मूळ दरजेत जिवंत राहतं.

टॉवर आणि ग्रंथालयाची मोठी दुरुस्ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या देणगीतून झाली आणि २०१५ मध्ये पुरी झाली, त्यामुळे आता दिसणारा पृष्ठभाग बराचसा स्वच्छ केलेला आहे. दगडाचे जुने आणि नवे तुकडे रंगाच्या फरकावरून ओळखता येतात का, हा मुलांना चांगला प्रश्न.

---

होटगीरोड_मास्तर

फार उपयोगी, चुनखडी सर. २६ फुटांचा पोर्च आणि तीन टप्पे हे कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. उंची मोजण्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) आहे, पण तो गाडीतून न्यायची जोखीम नको वाटते. कोनमापक आणि टेप पुरेल का?

---

लेव्हल_स्टाफ

कोनमापक पुरेल की ओ, टेपचं खाली सांगतो. कॅम्पससमोरच्या ओव्हल मैदानावर टॉवरच्या समोर उभं राहायचं. टॉवरच्या मध्यरेषेपासून १०० मीटरवर शेंड्याचा कोन साधारण ४० अंश यायला हवा. ४० चा टॅन ०.८३९, म्हणजे ८३.९ मीटर, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली की ८५.४. २८० फूट म्हणजे ८५.३ मीटर. टप्प्यांची पडताळणीही होते: पहिल्या सज्जाचा कोन ११ अंशांच्या आसपास, दुसऱ्या टप्प्याच्या शेवटाचा २९ ते ३०.

चुकतं कुठे? शेंडा मध्यरेषेवर आहे, पण अंतर धरलं जातं समोरच्या भिंतीपर्यंत. पोर्चची निम्मी रुंदी १३ फूट आणि भिंतीची जाडी धरली तर साधारण ५ मीटर कमी पडतात, आणि उंची ४ मीटरने कमी येते. हे ५ मीटर मिळवायला विसरू नका. कोनात एक अंश चूक झाली तर उंचीत ३ मीटरचा फरक. म्हणून तिघांनी वेगवेगळे कोन घ्यायचे आणि सरासरी काढायची.

रस्ता आणि कुंपण मधे असल्याने टेप थेट लावता येणार नाही. तेव्हा मुलं दोन ठिकाणांहून कोन घेऊन सूत्राने काढू बघतील. त्यात धोका आहे. दोन जागांमधलं अंतर फक्त ३० मीटर असेल (१०० आणि १३० मीटरवर), तर लांबच्या कोनात अर्ध्या अंशाची चूक उंचीत तब्बल ७ मीटरची चूक करते. त्यापेक्षा उपग्रह नकाशावर मध्यबिंदूपासूनचं अंतर मोजून एकच कोन नीट घ्या. मैदानावर क्रिकेटचे सामने चालू असतात, खेळपट्ट्यांवर स्टँड रोवू नका.

---

केगाव_फाटा

सोलापूरच्या धाग्याबद्दल. आपल्या पदवीची वंशावळ सरळ या कॅम्पसपर्यंत जाते. दयानंद कॉलेज १९४० चं, तेव्हा संलग्नता मुंबई विद्यापीठाची. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ झालं आणि सोलापूर तिकडे गेलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि आपण तिकडे. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ, आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणजे १९४० च्या दशकात दयानंदमधून बी.ए. झालेल्याच्या प्रमाणपत्रावर मुंबईची मोहर असणार. मुलांना घरातली पणजोबांची जुनी कागदपत्रं शोधायला सांगा. वर्षावरून विद्यापीठ ओळखायचं, चार मोहरा चार काळांच्या. नावं शोधायची असतील तर मुंबई विद्यापीठाची जुनी वार्षिक ‘कॅलेंडर’ बघा. त्यांत पदवीधरांच्या याद्या छापलेल्या असत. नाव कॉलेजानुसार आणि परीक्षेनुसार शोधावं लागतं, आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं वर्षागणिक बदलतात, तेव्हा दोन-तीन तऱ्हांनी शोधा.

पुण्याचीही ओळ घाला. तिथली मुख्य इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नाही, तो गणेशखिंडीतला गव्हर्नरचा पावसाळी बंगला होता. मुंबईच्या इमारती मात्र विद्यापीठासाठीच आखल्या गेल्या. फरक मुलांना पटकन कळतो.

---

मोडीवाचक

जायच्या दिवसाबद्दल थोडं. सीएसएमटीवरून दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, तिथून वीर नरिमन रोडने पश्चिमेला आणि डावीकडे कर्मवीर भाऊराव पाटील मार्गाला. चालत वीसेक मिनिटं. दक्षिणेकडे जाताना आधी उच्च न्यायालय, मग ग्रंथालय-टॉवर, मग सभागृह, मग जुनं सचिवालय (आता दिवाणी व सत्र न्यायालय). ही सगळी रांग जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर उभी राहिली, आणि तेव्हा तिच्यासमोर समुद्र होता. मैदानापलीकडच्या आर्ट डेको (साध्या भौमितिक रेषांच्या शैलीतल्या) इमारती भराव घातल्यानंतरच्या, १९३० च्या दशकातल्या. दोन्ही रांगा मिळून ३० जून २०१८ ला जागतिक वारसा यादीत गेल्या. ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही एकाच वेळी दिसतात.

सकाळी पश्चिमेचा दर्शनी भाग सावलीत असतो. म्हणून सकाळी आतलं आणि महात्मा गांधी रोडच्या बाजूचं बघा. एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय हाकेच्या अंतरावर आहेत. ओव्हलवरचं मोजमाप आणि फोटो दुपारी तीननंतर. वंदे भारतने परतायचा मोह टाळा, ती दुपारीच सुटते आणि नेमका चांगला उजेड हातचा जातो.

आत शिरायला कॉलेजच्या लेटरहेडवर कुलसचिवांच्या नावे अर्ज, मुलांची यादी, तारीख आणि फोटो काढायचे असल्यास तसा स्पष्ट उल्लेख हवा. महिनाभर आधी पाठवा. परीक्षा किंवा पदवीदान असेल त्या दिवशी सभागृह मिळणार नाही, म्हणून अर्जातच दुसरी तारीख द्या. टॉवरवर चढता येत नाही, हे मुलांना आधीच सांगा. मूर्ती बघायला दुर्बीण न्या. पानं दाट असली की झाडाखालून काही दिसत नाही, रस्ता ओलांडून मैदानात गेल्यावर दिसतात. घड्याळाचे टोल दर पंधरा मिनिटांनी पडतात. पूर्वी ‘रूल ब्रिटानिया’सारख्या सुरावटी वाजत. राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायची वेळ त्यांना या टोलांवरून कळे, ही कथा सगळेच सांगतात. फलकावर ती ‘आख्यायिका’ या शब्दासह द्या.

---

होटगीरोड_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज सोमवारी टाकतो, दोन तारखांसह. मूर्तींसाठी दोन दुर्बिणी बघतोय. मुकुंद रामचंद्र यांचं नाव स्कॉटच्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरात.