सूर्यग्रहण, अधिक्रमण पुण्यात कुठून बघितलंत? अनुभव लिहा

2 ऑगस्ट 2027 ला सोमवारी ग्रहण आहे, आणि त्या दिवशी नेमकी गटारी आहे, म्हणजे गंमतच. खग्रास तिकडे स्पेन, मोरोक्को, इजिप्तला, लक्सरजवळ तर सहा मिनिटांच्या वर. आपल्याकडे खंडग्रास, दुपारनंतर, सूर्य पश्चिमेला कललेला असताना. आत्तापासून जागा हेरून ठेवायचीये म्हणून हा धागा. कुठून बघितलं, कशातून बघितलं आणि काय फसलं ते सगळं लिहा, फसलेलं आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात. 25 ऑक्टोबर 2022, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. ग्रस्तास्त होतं, म्हणजे ग्रहण लागलेलाच सूर्य मावळणार. पाचच्या आत स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, आणि सहाच्या सुमारास सूर्यास्त. मी कोथरूडला आमच्या गच्चीवर खुर्ची टाकून, शेजारी चकलीचा डबा घेऊन एकदम थाटात बसलो आणि सव्वापाचला सूर्य समोरच्या नव्या टॉवरच्या मागे गेला. गेला तो गेलाच! बायको म्हणाली आता बातम्यांत बघ. स्कूटर काढली, एआरएआयच्या रस्त्यानं वेताळ टेकडीवर, तिथून पाषाणच्या बाजूला चालत गेलो तेव्हा कुठे पश्चिम मोकळी मिळाली. तिथे वीस-पंचवीस जण आणि चष्मे चार. एक आजोबा अगदी शिस्तीत रांग लावत होते, प्रत्येकाला दहा सेकंद. खालच्या बाजूला बारीकसा घास घेतल्यासारखा सूर्य, मग लालसर, मग धुरकट पट्ट्यात विरून गेला. उतरताना अंधार झाला आणि टॉर्च कुणाकडेच नव्हता, तेवढं लक्षात ठेवा.

सदाशिवपेठी
ग्रहणं येतच राहतात हो, मी शुक्राचं अधिक्रमण सांगते, म्हणजे शुक्र सूर्याच्या बिंबावरून ठिपक्यासारखा सरकताना दिसतो ते. 6 जून 2012. ते चुकलं असतं तर पुढचं डिसेंबर 2117 ला, म्हणजे विषयच संपला. आपल्याकडे सूर्य उगवतानाच शुक्र आधीपासून बिंबावर होता आणि साडेदहाच्या आत संपणार होतं, त्यामुळे पूर्व मोकळी हवी म्हणून पहाटे पर्वती. 103 पायऱ्या धापा टाकत चढलो आणि पूर्वेला नुसते ढग. आठपर्यंत बसलो, पोहे खाल्ले, घरी आलो.

आणि घरी आल्यावर ऊन पडलं! मग भावानं भाच्यांसाठी आधीच करून ठेवलेला आरसा काढला. साधा दाढीचा आरसा, त्यावर काळा कागद आणि कागदाला चार-पाच मिलिमीटरचं भोक. वाड्याच्या चौकात स्टुलावर ठेवून, खाली वहीची घडी सरकवून सरकवून कवडसा आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडला. हिशोब सोपा आहे, जितकं अंतर त्याच्या एकशेआठाव्या भागाएवढं बिंब, म्हणजे मीटरला साधारण नऊ मिलिमीटर. आमचं अंतर वीसेक मीटर होतं, अठरा सेंटीमीटरचा सूर्य चुन्याच्या भिंतीवर थरथरत होता आणि त्यात मसुरीएवढा धुरकट डाग. भाचा म्हणाला भिंतीला पोपडा आलाय. आरसा जरा हलवला तर डागही बिंबाबरोबर सरकला, तेव्हा गप्प. आई सोवळ्यात होती तरी दारातून डोकावून गेली. फक्त एक करा, आरशाजवळ कुणालातरी बसवा, पोरं वाकून त्यात बघायला जातात.

जुना_पुणेकर
16 फेब्रुवारी 1980, शनिवार. मी नववीत. दुपारी लक्ष्मी रोडवर चिटपाखरू नव्हतं, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, नंतर मात्र नेहमीसारखं 'दे दान सुटे गिराण'. मामा सोलापूर लाइननं रायचूरला गेला होता खग्रास बघायला, येऊन सांगायला लागला की भर दुपारी शुक्र दिसला, तर आजीचा विश्वास नाही. आम्ही इथे मोडलेल्या हाताचा एक्स-रे डोळ्यांपुढे धरून बघितलं. सुदैवानं काही झालं नाही पण ते करू नका. काळं दिसतं म्हणजे सुरक्षित असं नसतं, न दिसणारे इन्फ्रारेड किरण आत जातात आणि डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, भाजलेलं नंतर समजतं. काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, तीच गत. ग्रहणाचा चष्मा आयएसओ 12312-2 मानकाचा घ्या, नाहीतर वेल्डिंगची 14 नंबरची काच, तीही चरा नसलेली.

किल्ली_कुणाकडे
लॉकडाऊनमधलं, 21 जून 2020, रविवार. बाहेर कुठे जायचा प्रश्नच नव्हता. गॅलरीतून दिसेल वाटलं, पण जूनमध्ये पुण्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, वरच्या गॅलरीचा स्लॅब आडवा. गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी मोक्ष झाल्याशिवाय, म्हणजे ग्रहण सुटल्याशिवाय, दार उघडेनात. शेवटी पार्किंगच्या रॅम्पवर पिठाची चाळण घेऊन उभी राहिले, ढग फाटले तेवढी पाच-सहा मिनिटं जमिनीवर सूर्याच्या शेकडो कोरी उमटल्या. वॉचमनकाकांनी स्वतःची चहाची गाळणी आणली, तिची भोकं फारच बारीक आणि जवळजवळ, सगळा काला झाला. पुरीचा झारा मात्र उत्तम चालतो.

चेरुवथुर_रिटर्न
26 डिसेंबर 2019 च्या कंकणाकृतीला केरळात कासारगोडकडे गेलो होतो. जेमतेम तीन मिनिटं कंकण. पण मला जास्त आठवतं ते झाडाखालचं, पानांच्या फटीतून पडलेले कवडसे, सगळे बांगड्यांसारखे. परत आल्यावर पुण्यातले मित्र ढगांच्या नावानं बोटं मोडत होते.

ढगांवरून, 2009 च्या 22 जुलैला सुरतेलाही जाऊन आलोय. पहाटे नदीकाठी हजारो माणसं, सूर्याचा पत्ता नाही. साडेसहाच्या आत तीन मिनिटं एकदम रात्र झाली, कावळे गप्प, आणि मग कुणीतरी दिवा लावावा तसं उजाडलं. पैसे वसूल म्हणा किंवा नका म्हणू.

दुर्बीणवाला
9 मे 2016 चं बुधाचं अधिक्रमण टेलिस्कोपशिवाय दिसत नव्हतं, बुध बिंबाच्या दीडशेव्या भागाएवढासुद्धा नव्हता. तेव्हा एकाचा डोळ्याच्या बाजूचा फिल्टर तापून तडकताना बघितलाय, डोळा तिथे नव्हता हे नशीब. फिल्टर नळीच्या तोंडाशी, सूर्याच्या बाजूला, आणि चिकटपट्टीनं पक्का. ज्यांना स्वतः काही करायचं नाही त्यांनी टिळक स्मारकला ज्योतिर्विद्या परिसंस्थेत विचारा, 1944 पासूनची संस्था आहे, किंवा विद्यापीठातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेकडे चौकशी करा.

धागाकर्ता
@किल्ली_कुणाकडे, आमच्याकडेही किल्लीचीच बोंब आहे. काल सेक्रेटरींना 2027 चं सांगून बघितलं. म्हणाले, अर्ज लेखी द्या.