सोमवारी सकाळी रक्त नॉर्मलच येणार!

दांडियाबाजारकर: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीतल्या केमिकल कारखान्यांच्या कामगारांचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात, मग बोंब कसली?" अहो, पण तपासता काय? हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन. बेंझिन या विषारी केमिकलचा माग लघवीत लागतो, शरीरात त्यापासून बनणारं एस-फिनाइल मर्कॅप्च्युरिक ॲसिड बघावं लागतं, तेही शिफ्ट सुटल्या सुटल्या. नऊएक तासांत निम्मं निघून जातं. आणि तुमचा तपासणीचा कॅम्प रविवारच्या सुट्टीनंतर, सोमवारी आठला! सापडणार काय, कपाळ? हिमोग्राममध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पेशी घटलेल्या दिसेपर्यंत त्या बनवणाऱ्या अस्थिमज्जेची वाट लागलेली असते.

युनिटवाला: तो 'एक' मीच. बिडीच्या धुरातही बेंझिन असतं. बंडल संपवणाऱ्याचं ॲसिड वाढलं तर तेही माझ्याच खात्यावर? डॉक्टर मी बोलावतो, वर रोज गूळ वाटतो.

लॅबवाली: गूळ!! गुळाने केमिकल उतरत असतं तर आम्ही मशिनं विकून कोल्हापूरहून ढेपा आणल्या असत्या.

निवृत्त फोरमन: ताई, हसू नका. मकरपुऱ्याला 31 वर्षं फाउंड्रीत काढली. सुटताना गुळाचा खडा तोंडात. आजतागायत खोकला नाही.

लॅबवाली: काका, साखर किती?

निवृत्त फोरमन: 240. त्याचा इथे काय संबंध?

वाडीचा बंडू: आमच्याकडे केळी देत. सालीवरून घसरून एकाचा हात मोडला, ती मात्र नोंद झाली.

निवृत्त फोरमन: आम्हाला आधी दूध होतं. ते कोणी बंद केलं, यावर कोणी धागा काढत नाही.

लॅबवाली: गूळ-दूध पुरे. माझ्या धाकट्या भावाचे ओठ निळे पडले होते. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, ऑक्सिजन चालू, तरी आकडा 85 च्या वर सरकेना. रक्त काढलं तर चॉकलेटच्या रंगाचं. ॲनिलिन, रंगाच्या कारखान्यातलं केमिकल, अंगावर उडालं होतं. त्यावरचा उतारा, मेथिलीन ब्लू, दिला तेव्हा ओठांना रंग आला. दहा दिवसांनी कॅम्प, रिपोर्ट नॉर्मल! भोपाळनंतर, 1987 साली, फॅक्टरी कायद्यात 41-सी कलम घातलं. कामगाराला आपली नोंद बघता येते. भावाने मागितली तर "साहेब बाहेर आहेत."

युनिटवाला: ते माझं युनिट नव्हे. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

दांडियाबाजारकर: मग तुमची रजिस्टरं दाखवता का?

युनिटवाला: दाखवतो, या. आणि पुढचा कॅम्प शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर ठेवतो, झालं समाधान? लघवीच्या तपासणीचं बिल दांडियाबाजारात पाठवू ना?

निवृत्त फोरमन: शनिवारी दूध असेल का?