अनुभव धागा: पुढे खिडकी, मागे सीमेक. टेस्ट कशा लिहिता?

धागाकर्ता: आमचं अ‍ॅप क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीतलं. ‘बिल्ड’ बटण दाबलं की आतून सीमेक आणि निंजा, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधणारी कमांड-लाइन टूल, चालतात. सध्या प्रत्येक टेस्टमध्ये खराखुरा बिल्ड होतो, त्यामुळे निकाल येईपर्यंत जेवण उरकतं. तुमचे अनुभव लिहा.

खटपट्या: आम्ही तोतया सीमेक ठेवलाय. त्याच नावाची छोटी स्क्रिप्ट, पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात पुढे. आलेले आर्ग्युमेंट फाइलीत नोंदवते, ठरलेला आउटपुट ओकते, सांगू तो एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) देते. बिल्ड फसल्यावर लाल पट्टी दिसते का, एवढं बघायला कंपायलर कशाला? विंडोजवर मात्र त्याची छोटी ईएक्सई करा, बॅच फाइलीतले अवतरणचिन्हांचे घोळ डोकं खातात.

कोडकाकू: त्या तोतयाकडून एरर स्ट्रीमवर (चुका-वॉर्निंग छापायच्या वेगळ्या वाटेवर) लाखभर बाइट नक्की ओतून घ्या. आउटपुट आणि एरर दोन वेगळ्या पाइपांतून अ‍ॅपकडे येतात, आणि लिनक्सवर एका पाइपमध्ये सहसा 64 केबी मावतात. अ‍ॅप आधी आउटपुट शेवटपर्यंत वाचून मग एररकडे वळत असेल, तर दुसरा पाइप तुंबतो. टूल पाइप रिकामा होण्याची वाट बघतं, अ‍ॅप टूल संपण्याची. दोघंही अडकतात. नमुन्याच्या चिमुकल्या प्रोजेक्टवर हे दिसत नाही. आमच्या ग्राहकाच्या वॉर्निंगांनी खच्चून भरलेल्या जुन्या कोडवर लगेच दिसलं.

निशाचर: +1. आणि स्लीप टाकून वाट बघू नका, प्रोसेस संपल्याचा सिग्नल धरा.

मॅकवाली: फाइंडरमधून उघडलेल्या अ‍ॅपला शेलमध्ये सेट केलेला पाथ मिळत नाही. होमब्रूने (मॅकवर टूल बसवणारा प्रोग्रॅम) बसवलेला निंजा टर्मिनलला सापडतो, अ‍ॅपला नाही. आणि टेस्ट टर्मिनलमधूनच चालतात, म्हणून सगळं हिरवंगार! आता एक टेस्ट मुद्दाम तुटपुंज्या पाथवर चालवते.

निशाचर: ‘रद्द करा’ कुणी तपासतं का? शेल मारला तरी त्याने सुरू केलेला कंपायलर चालूच राहू शकतो. सगळ्यांना एकदम मारायला लिनक्सवर प्रोसेस ग्रुप, विंडोजवर जॉब ऑब्जेक्ट वापरा. आमचा तोतया एक झोपाळू पोर (नुसती थांबून राहणारी उप-प्रोसेस) जन्माला घालतो आणि रद्द केल्यावर ते उरलंय का, हे बघायला टेस्ट त्याचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) शोधते. ग्रेडल हे बिल्ड टूल वापरणाऱ्यांनो, तुमचा डेमन (पार्श्वभूमीला चालणारी प्रोसेस) मागे राहणारच, रिकामा असला तरी डीफॉल्टने 3 तास. त्याला अनाथ पोरांत मोजू नका.

धागाकर्ता: मग खरा बिल्ड कधीच नाही?

खटपट्या: रात्री, तोही मोजकाच. फोल्डरचं नाव ‘माझा प्रकल्प’, मधल्या स्पेससकट. मशीनची भाषा जर्मन, कारण आउटपुटमध्ये इंग्रजी ‘एरर’ शोधून निकाल लावणारा कोड कुठेतरी असतोच.

कोडकाकू: जर्मनची कल्पना उचलली!