अ ख्रिसमस कॅरोल: स्क्रूज एका रात्रीत सुधारतो हे पटतं का?

कागदी_होडी:
डिकन्सची अ ख्रिसमस कॅरोल परवा वाचून संपवली. भुतं, धुक्यातलं लंडन सगळं झकास, पण प्लॉट म्हणून एक गोष्ट काही केल्या पचेना. जन्मभर कवडीचुंबक राहिलेला म्हातारा स्क्रूज, सख्खा भाचा जेवायला बोलावतोय तर त्याला पण हाकलून देणारा, तो एका रात्रीत देवमाणूस? आणि बदलतो नक्की कुठे, स्वतःचं थडगं बघून? मग तो मरणाला घाबरला एवढंच झालं ना, पहिली दोन भुतं (भूतकाळ आणि वर्तमान दाखवणारी) कशाला, डायरेक्ट तिसरंच (भविष्यवालं) पाठवायचं की. क्लायमॅक्स कुठला धरायचा?

शेवटचं_पान:
थडग्याशी फक्त शिक्कामोर्तब होतं रे. दुसरा भाग परत वाच. सुट्टीत शाळेत एकटाच मागे राहिलेला लहानगा स्क्रूज दिसतो, म्हातारा रडतो आणि जरा वेळाने म्हणतो की काल दारावर एक पोरगा कॅरोल गात होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. हे पहिल्याच भुतासोबत! पुढे तरुणपणीचा मालक फेझिविग, त्याची पार्टी बघून आपल्या कारकुनाशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. पण लग्न मोडून गेलेली बेल दिसते, ते सहन होत नाही आणि हा गडी भुताच्या डोक्यावर टोपी दाबून त्याचा उजेडच विझवायला बघतो, म्हणजे एक पाऊल पुढे टाकलं की लगेच मागे. दुसऱ्या भुताला मात्र स्वतःच म्हणतो, शिकवायचं ते शिकव. कारकुनाचा आजारी पोरगा टिम जगेल का असं विचारतो तेव्हा भूत त्याचंच "गरीब मेले तर जादा लोकसंख्या कमी होईल" हे वाक्य त्याच्या तोंडावर मारतं. हे सगळं होऊन गेलंय म्हणून तिसरं भूत लागू पडतं, नुसतं तेच आलं असतं तर नुसती भीतीच राहिली असती.

रात्रपाळी:
+१. मी तर पहिला आणि पाचवा भाग समोरासमोर ठेवून बघते. पहिल्यात आधी भाचा फ्रेड येतो, मग गरिबांसाठी वर्गणी मागणारे दोघे, मग कॅरोलवाला पोरगा (त्याच्यावर पट्टी उगारतो), आणि शेवटी कारकून बॉब क्रॅचिटच्या सुट्टीवरून कटकट. पाचव्यात आधी रस्त्यावरचा एक पोरगा (हा वेगळा, पण पोरगाच) टर्की पक्षी आणायला पळतो, मग त्या दोघांतला एक जण रस्त्यात भेटतो, मग फ्रेडकडे जेवण. बरोब्बर उलट्या क्रमाने! बॉब तेवढा दोन्हीकडे शेवटी, आणि ते मुद्दाम असणार असं मला वाटतं, कारण आठवड्याला १५ शिलिंग आणि शेकोटीत एकुलता एक निखारा, सगळ्यात जास्त त्यानेच सोसलंय. शिवाय पगारवाढ नाताळला होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात होते. सण संपला, कामाचा दिवस उजाडला तरी माणूस बदललेलाच आहे, तुझ्या "पटतं का"चं उत्तर मला तिथे मिळतं.

कागदी_होडी:
उलट्या क्रमाचं भारीच. पण तिसऱ्या भुताच्या भागात सस्पेन्स कुठेय? प्रेत कोणाचं ते आपल्याला कधीच कळलेलं असतं. आणि ते भूत बोलत का नाही?

शेवटचं_पान:
सस्पेन्स कोणाचं प्रेत याचा नाहीचे, हा किती वेळ स्वतःला फसवतो याचा आहे. व्यापारी चेष्टा करतात, बायका पलंगाचे पडदे, ब्लँकेटं भंगारवाल्या जुन्या जो ला विकून येतात, प्रेत समोर पडलंय आणि याच्याने चादर उचलवत नाही. थडग्यापाशी गेल्यावर विचारतो की हे होणारच आहे की नुसतं होऊ शकतं, आणि भूत फक्त बोट दाखवतं. ते बोललं असतं तर निर्णय भुताचा झाला असता. माझ्यासाठी क्लायमॅक्स हा प्रश्न आहे.

मांजरपाट:
मला मार्लेचं, म्हणजे सुरुवातीला भूत होऊन येणाऱ्या स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं, वाईट वाटतं. सात वर्षं साखळ्या ओढतोय, ही सगळी जुळवाजुळव त्याने केली, शेवटी स्क्रूज गुडघ्यावर बसून त्याचे आभारही मानतो, पण साखळी सुटली का यावर एक ओळ नाही.